गोमुख, १२ जून १९७८

विश्रांतवाडी, पुणे
२६ जानेवारी २०२५

चि. कादंबरी,

तू फोन उचलत नाहीस, आणि माझे मेसेज तुझ्यापर्यंत पोचतात की नाही तेही आता कळत नाही. म्हणून पत्र. परवा पोस्टात चौकशीला गेले तर नॉर्वे ऐकून काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, तिकडे पत्र जातं का अजून?" मी म्हटलं, खिडकीच्या त्या बाजूला तुम्ही बसला आहात, तुम्हीच सांगा. तिने कुठेतरी बघून सांगितलं, जातं.

आम्हाला शाळेत सिस्टर फिलोमिना पत्र लिहायला शिकवायच्या. आधी समोरच्याची तब्येत, मग आपली, मग हवामान, आणि मुद्दा शेवटच्या परिच्छेदात, एका वाक्यात. तर तुझी तब्येत कशी आहे? ट्रॉम्सोला आता सूर्य परत दिसायला लागला असेल. माझा डावा गुडघा कुरकुरतो, साखर ताब्यात आहे. पुण्यात थंडी आली तशी गेली. बाबांचा स्वेटर उन्हात घालायला काढला आणि तसाच घडी करून ठेवला.

संक्रांतीला शौनक तिळगूळ घेऊन आला होता. तुझा विद्यार्थी घरी येतो आणि तू येत नाहीस, हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. तो आता इथल्याच एका संस्थेत लागला आहे. चांगला मुलगा, पण खुर्चीच्या टोकावर बसतो. चहा होईपर्यंत त्याने तुझ्या कामाबद्दल बरंच सांगितलं. मला निम्मं माहीत होतं. पेठांतल्या घरोघरी फिरून तू गंगेचे जुने गडू गोळा करायचीस, तेव्हा पत्त्यांची यादी मीच करून दिली होती. कोणाच्या आजोबांनी, कोणाच्या पणजीने गंगोत्रीहून आणलेलं पाणी, तांब्याच्या गडूत कथलाचा डाख लावून तोंड बंद केलेलं, देवघरात कोपऱ्यात बसलेलं. लोक विचारायचे, पाणी परत देणार ना? तू म्हणायचीस, सुईने थोडंसं घेईन आणि पुन्हा सील करून देईन. एका घरी तर तुला म्हणाले, आमच्या मरणाआधी आणून द्या म्हणजे झालं.

त्या काळात त्या नदीचं पाणी बाटलीत भरून कोणा शास्त्रज्ञाने ठेवलं नाही, ते आपल्या माणसांनी देवघरात ठेवलं, हे तुझं वाक्य मला फार आवडलं होतं.

शौनकने विचारलं, "काकू, मॅडमना दिलेला तुमच्या घरचा गडू मधे कधी उघडला होता का? आठवून सांगा."

मी म्हटलं, नाही. तो बरं म्हणाला आणि चहा संपवून गेला.

मुद्दा राहिला. कागद संपत आला आहे. जेवत जा वेळेवर.

तुझी
आई


२१ मार्च २०२५

चि. कादंबरी,

आज पेपरात तुझा फोटो आहे. आजचा दिवस आता हिमनद्यांचा म्हणून पाळतात हे मला तिथेच कळलं. केस किती पांढरे झाले गं तुझे. स्वालबार्डला ऐन फेब्रुवारीत बर्फाऐवजी पाऊस पडला आणि पायाखाली डबकी झाली, असं तू मुलाखतीत म्हटलं आहेस. पुढे आपल्या गडूबद्दल आहे. "बाकीच्या घरांत कोणी कधी उघडून वर पाणी भरलं असेल सांगता येत नाही. एका गडूची मात्र मला खात्री आहे, कारण तो माझ्या घरचा आहे." मी ते वाक्य शकूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बघ, लेक विसरलेली नाही. शेजारीण असून शकूला तुझ्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त आशा आहे.

तो गडू मी सासरी आले तेव्हापासून बघत होते. आजी-आजोबा माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधी गोमुखापर्यंत चालत गेले होते. आजोबांनी तळाशी खिळ्याने कोरून ठेवलं, गोमुख, १२-६-७८. त्या वेळी बर्फाची कमान पार कुठे होती आणि तिच्यातून पाणी कसं गर्जत येत होतं, हे आजी दर दिवाळीला सांगायच्या आणि दर दिवाळीला कमान थोडी मोठी व्हायची. मी फार मन लावून ऐकत नसे. आजी पाहुण्यांना सांगायच्या, "आमची सूनबाई कॉन्व्हेंटची. हिला गंगा म्हणजे भूगोल."

माझा बर्फ कॅम्पातला. रविवारी बाबा, म्हणजे माझे वडील, कारखान्यातून बर्फाची लादी सायकलवर घेऊन यायचे, गोणपाटात, भुशात गुंडाळून. आम्ही आइस्क्रीमच्या पॉटशी मीठ घेऊन उभ्या. लहानपणी तुला हे सांगितलं की तू विचारायचीस, घरी पोचेपर्यंत कमी झालेला बर्फ कुठे गेला? मी म्हणायचे, रस्त्यावर. तुझं समाधान व्हायचं नाही. रस्त्यावरून कुठे? असं पुढचं पुढचं विचारत तू इतकी लांब गेलीस.

आज मुद्द्याचं लिहिते. बाबा गेले तेव्हा तू बर्फावर होतीस. लाहौलच्या त्या हिमनदीत तुम्ही रोवलेल्या खुंट्यांवरून वर्षभरात किती बर्फ वितळला ते मोजायचं होतं. ते चार दिवस हुकले तर सगळं वर्ष हुकतं, हे तू निघण्याआधी सांगितलं होतंस आणि बाबांनीच तुला जा म्हटलं होतं. मी ते सगळं ऐकलं होतं. तरी सॅटेलाइट फोनवर बातमी सांगताना मी म्हणाले, "बर्फ थांबला असता, कादंबरी. माणूस थांबत नाही."

तू म्हणालीस, "बर्फही थांबत नाही, आई." आणि मी फोन ठेवला.

तू सहाव्या दिवशी आलीस, तेराव्यापर्यंत राहिलीस, एक शब्द वर बोलली नाहीस. जाताना गडू मागितलास. मी दिला.

ते वाक्य मला परत घेता येत नाही. पण चूक माझी होती हे लिहून देते. बाबांनी मला बजावलं होतं, "माझ्यासाठी गडू उघडू नकोस. तो कादूचा आहे. मला नळाचं चालेल, जन्मभर तेच प्यालो." मी त्यांचं ऐकलं. शेवटी त्यांच्या तोंडात दोन चमचे पाणी घातलं ते नळाचं.

उत्तर नको. नुसता तारखेचा कागद पाठवलास तरी चालेल.

आई


१४ जून २०२५

कादू,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. त्याआधी शौनकला खोटं सांगितलं. त्याआधी तुला गडू दिला, ते सगळ्यात मोठं.

आता का लिहिते ते आधी सांगते, नाहीतर पुन्हा कागद संपेल. सोमवारी सोसायटीच्या ग्रुपवर महिपतीकाकांनी एक मजकूर टाकला. आपले सेक्रेटरी, पाण्याचा टँकर कधी येणार हे सांगत नाहीत, बाकी जगातलं सगळं टाकतात. कोणा परदेशी माणसाने तुझ्या संशोधनाच्या पेपरातली चूक काढली आहे, आणि त्याखाली कोणीतरी आपल्या भाषेत लिहिलं होतं, हिमनद्या वितळतात हे थोतांड आहे, पुण्याच्या एका बाईने आकडे फिरवले ते पकडले गेले. सत्तावीस जणांनी पसंतीचे अंगठे टाकले. त्यातल्या निम्म्यांना तुझ्या दहावीचे पेढे मी वाटले आहेत.

मी शौनकला बोलावून घेतलं. तो म्हणाला, "काकू, डेटा मॅच होत नाहीये. अकरा गडू एकीकडे आणि घरचा एकटा एकीकडे." बाकीच्यांवर नीट तारखा नाहीत, सांगोवांगीची वर्षं आहेत, म्हणून तू ते बाजूला ठेवलेस आणि घरच्यावर भरवसा ठेवलास. त्यावरूनच तू लिहिलंस की आज नदीत वाहणारा जुना बर्फ तेव्हाच्या जवळजवळ दुप्पट आहे. तो म्हणतो, वाढ आहेच, अकराही तेच सांगतात, पण दुप्पट नाही. "मॅडम हट्टाने म्हणतात, माझ्या आईच्या देवघरातला आहे तो." हे सांगताना तो हसला.

पाणी सगळं सारखं दिसतं पण काही जड असतं, काही हलकं, हे तू मला जेवणाच्या टेबलावर समजावलं होतंस. उंचावरच्या कडाक्याच्या थंडीत साचलेल्या बर्फाचं हलकं. खाली पडणाऱ्या पावसाचं जड. आपल्या धरणातलं तर सगळं पावसाचंच. म्हणजे मला सगळं कळत होतं. अडाणीपणाने झालं असं म्हणायची सोय मला नाही.

तर त्या दिवशी सकाळचे दहा वाजले होते. पोळ्या करणारी बाई येऊन गेली होती. बाबांचा श्वास आदल्या दिवसापासून बदलला होता. त्यांचे ओठ हलत होते. मी चमच्याने पाणी घातलं, नळाचंच, ते तोंडाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं. पुन्हा घातलं, पुन्हा आलं. मग मला काय झालं सांगता येत नाही. चाळीस वर्षं ज्या गोष्टीला मी हसत आले ती एकच करायची राहिली आहे असं वाटलं. मी देवघरातून गडू आणला, हत्यारांच्या डब्यातून पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि डाख फोडला. फार जोर लागला. आतून तांब्याचा वास आला.

पहिला चमचा त्यांनी गिळला. कंठ हलला, मी पाहिलं. दुसऱ्या चमच्याला त्यांनी डोळे उघडले. ते माझ्याकडे बघत नव्हते, कादू, गडूकडे बघत होते. त्यांना कळलं. माझा हात तिथेच सुटला आणि गडू कलंडला. चादरीवर, फरशीवर, कॉटखाली. उचलून ठेवेपर्यंत श्वास थांबला होता.

त्यांना नीट निजवून मी फरशी पुसायला बसले. गोमुखाचं पाणी मी स्वयंपाकघरातल्या फडक्याने टिपलं आणि मोरीत पिळलं. मग फरशी ओली असतानाच तुला फोन केला. आणि तुला म्हणाले, बर्फ थांबला असता.

आता कळलं का, त्यानंतर मी तुला खरं का सांगू शकले नाही? ज्याच्यावरून तुला टोचलं, ते मी अर्ध्या तासापूर्वी स्वतःच्या हाताने सांडलं होतं. तू येणार होतीस. आल्याबरोबर देवघराकडे बघणार होतीस, आणि बघितलंसच. मी गडूत फिल्टरचं, म्हणजे धरणातलं जड पाणी घालून तो काठोकाठ केला. म्हणूनच तुला तेव्हाचा बर्फ खरा होता त्याहून कमी दिसला. चौथ्या दिवशी, सुतकात, कसब्यातल्या तांबट आळीत घेऊन गेले. दीनानाथ म्हणून म्हातारे कारागीर आहेत. त्यांना म्हटलं, सील सुटलंय, लावून द्या. त्यांनी गडू उजेडात धरून तोंडाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"बाई, हे सुटलेलं नाही, सोडवलेलं आहे."

मी पुन्हा म्हटलं, सुटलंय.

"तुम्ही सुटलं म्हणता ना? मग सुटलं. मी काय, डाख लावणारा माणूस." त्यांनी लावून दिला. वरून काळपट रंगही आणून दिला, जुन्यासारखा. मी मागितला नव्हता.

तू गडू पिशवीत घालताना मी दारात उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. मला वाटलं, ती सुईने थोडंसं घेईल, बारांतला एक गडू, त्याने काय होणार आहे. तू एवढा भरवसा ठेवशील असं वाटलं नव्हतं. आपलं बोलणं बंद होतं ना. मला वाटलं, जिच्याशी बोलत नाही तिच्यावर कोणी विश्वास कशाला ठेवेल.

शाळेत आमच्या ख्रिश्चन मैत्रिणी शुक्रवारी चॅपलमध्ये जाऊन पापं सांगून यायच्या आणि लगेच लंगडी खेळायला तयार. मला हेवा वाटायचा. मला तसं हलकं व्हायचं नाहीये. हे पत्र तुला कामाला येईल म्हणून लिहिलं आहे. हवं त्याला दाखव, माझं पूर्ण नाव घालून.

प्रेमला श्रीधर आपटे
तुझी आई


१० ऑगस्ट २०२५

कादू,

दोन महिने झाले. पत्र पोचलं हे मला शौनककडून कळलं. तू पेपर मागे घेतलास हेही. तू कारण काय दिलंस ते त्याने मला मराठीत करून सांगितलं, नमुना देणाऱ्या घराकडून मिळालेली माहिती अपुरी होती. नाव घालायला मी सांगितलं होतं. तू त्या घराचं नाव घातलं नाहीस. ते तुझंही घर आहे म्हणून असेल, की नाव लिहायचीही इच्छा उरली नाही म्हणून?

मंगळवारी गंगोत्रीच्या वाटेवरच्या धरालीत डोंगरावरून चिखल आला. टीव्हीवर तेच तेच दाखवत होते. चिखल येतो, खाली माणसं पळतात, पलीकडून कोणीतरी शिट्ट्या मारून ओरडतं आहे, आणि मग घरं नाहीत. बर्फामुळे झालं की पावसामुळे, अजून कोणी नक्की सांगत नाही. मी आजोबांची यात्रेची वही काढली. धराली, राजमा-भात गरम मिळाला, मुक्काम, माणसं प्रेमळ. एवढंच. मी दिवसभर ती वही मांडीवर घेऊन बसले. महिपतीकाकांनी ग्रुपवर हात जोडलेली चित्रं टाकली. त्यांना मी पहिल्यांदाच खाजगीत लिहिलं, जूनमध्ये ज्या बाईची तुम्ही चेष्टा केलीत तिचा आकडा मी बिघडवला, तिने नाही, आणि बर्फ खरोखरच चालला आहे. त्यांचं उत्तर आलं, वहिनी, तब्येतीला जपा.

हे असं होणार. मी किती जणांना सांगू? माझं खोटं सत्तावीस जणांनी पाच मिनिटांत वाचलं. खरं कोणी वाचत नाही.

शौनक काल पुन्हा आला. तो मला एका शब्दाने बोलत नाही, त्याचंच जास्त लागतं. म्हणाला, अकरा गडूंवर तारीख नाही, त्यामुळे नुसत्या त्यांच्यावर काही उभं राहत नाही. तारीख कोरलेला, आणणारा माणूस माहीत असलेला, एकच होता. "काकू, तुम्ही किती पाणी वर घातलं तेवढं कळलं तर वजा करता येतं. तुमच्या फिल्टरचं पाणी आजही तेच आहे, ते मोजू." मग तो पोराच्या उत्साहाने म्हणाला की त्याने उलटा हिशोब करून बघितला आहे. गडूत साधारण तीन वाट्या मावतात. त्यात जर एक वाटी वरची असेल, तर घरचा गडू बाकीच्या अकरांशी बरोबर जुळतो. मग तो खोटा ठरत नाही, फक्त दुरुस्त होतो. मॅडम नव्याने लिहू शकतात. सगळं उभं राहतं.

"एकच असेल ना, काकू?"

मी म्हटलं, आठवून बघते.

आई


२१ सप्टेंबर २०२५

माझ्या कादू,

तुझं पत्र आलं. तीन वर्षांतलं पहिलं. पाकिटावर तुझं अक्षर बघून मी ते आधी शकूच्या हातात दिलं, मला फोडवेना. आत तीन वाक्यं. आई, तू किती पाणी घातलंस? वाटी, चमचे, कसंही सांग. मला आकडा हवा आहे.

खाली नाव नाही. चालेल.

मी पंधरा दिवस हेच करते आहे. शकूकडे त्याच मापाचा गडू आहे, रिकामा. तो तीन वाट्या पाण्याने भरायचा, कॉटजवळ बसायचं, कलंडू द्यायचा, उचलायचा, उरलेलं मोजायचं. शकू पाणी पुसते आणि म्हणते, प्रेमला, तुला वेड लागलंय. एकदा दोन वाट्या उरल्या. एकदा अर्धी. एकदा उचलायला उशीर झाला आणि काहीच उरलं नाही. बाबांचा चेहरा समोर आणून बघितला, हात तसाच सोडून बघितला. मग फिल्टरची तोटी उघडून कान लावून बसले, त्या दिवशी किती वेळ पाणी पडलं होतं ते आठवेल म्हणून. गडू भरत असताना खालून कोणीतरी गाडी काढत होतं, एवढं आठवतं. बेल वाजली होती, ते आठवतं. पाणी आठवत नाही.

एक वाटी लिहिलं की सगळं जुळतं. मला ठाऊक आहे. शौनक खूश होईल, तुझं नाव धुऊन निघेल, महिपतीकाकांच्या तोंडावर मारायला कागद मिळेल. आणि ते बहुधा खरंही असेल, कारण अकरा घरं तेच सांगत आहेत. मी तीनदा लिहिलं. एक वाटी, थोडी कमी. एक वाटी, सपाट. एक वाटी, आमटीची. तीनही कागद फाडले.

मी लिहीन तो आकडा तू धरून चालशील. मी तुला ओळखते. सगळं झाल्यावरही तू पत्र लिहून मलाच विचारलंस.

मला माहीत नाही, कादू. अर्धी असेल, दोन असतील. मी मोजलं नाही. तेव्हा मला फक्त गडू भरलेला दिसायला हवा होता.

आई